‘पुढच्या गावापर्यंत जाईल’ म्हणू नका: खान्देशातल्या रस्त्यांवर इंजिन-गिअरबॉक्स दगा देतो तेव्हा

नवी गाडी घेतलेल्या, किंवा जुनी गाडी घेऊन नुकतंच हायवेला लागलेल्या माणसाला पार्किंग सगळे शिकवतात. घाटात इंजिन बंद पडलं तर पहिल्या दहा सेकंदांत काय करायचं, हे मात्र कोणी शिकवत नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तो विषयच निघत नाही. आपल्या भागात तो निघायला हवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, आणि घराबाहेर पडलं की कुठला ना कुठला घाट लागतोच. संभाजीनगरला जायचं तर कन्नड घाट, नाशिकच्या वाटेवर लळिंग, सुरतकडे कोंडाईबारी, इंदूरकडे बिजासन आणि शहाद्याहून वर तोरणमाळ.

धुळे-चाळीसगाव पट्ट्यातल्या गॅरेजवर बसलं की वेगवेगळ्या गाड्यांच्या कहाण्या ऐकायला मिळतात, पण मधलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं. दिवा लागला होता, वास येत होता, आवाज बदलला होता आणि गाडीतलं कोणीतरी म्हणालं, "काही व्हत नही भो, चाळीसगावलोंग जाई गाडी." पाचशे रुपयांच्या होज पाइपचं काम पूर्ण इंजिन उतरवण्यापर्यंत जातं ते या वाक्यामुळे. कधी कधी त्याहून वाईट होतं. म्हणून हा लेख नव्या चालकांसाठी, आणि त्यांच्या शेजारी बसून सल्ला देणाऱ्यांसाठीही.

पहिली पायरी: बंद इंजिनची गाडी कशी लागते, हे आज घरीच बघा

हे काम दारात उभ्या गाडीवर करायचं, रस्त्यावर नाही. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि इंजिन बंद करा. आता ब्रेकचं पेडल दाबा आणि सोडा. पहिल्यांदा ते नेहमीसारखं जाईल. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पायाखाली दगड ठेवल्यासारखं कडक होईल. ब्रेक बूस्टरमध्ये, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या डब्यात, साठलेला व्हॅक्यूम तेवढाच पुरतो. आता पेडलवर पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलेलं पायाला जाणवेल. म्हणजे बूस्टर ठीक आहे.

एवढ्यावरून दोन गोष्टी पक्क्या होतात. इंजिन बंद पडलं म्हणून ब्रेक जात नाहीत, फक्त जोर जास्त लावावा लागतो. आणि पेडल सारखं दाबून-सोडून पंप केलं, तर उरलेली मदत आपणच संपवून टाकतो. स्टिअरिंगचंही असंच आहे. ते जड होतं, पण वळतं. घाबरून "स्टिअरिंग लॉक झालं" समजणाऱ्या माणसाने बहुतेक वेळा पुरेसा जोरच लावलेला नसतो. खरं लॉक व्हायला चावी पूर्ण मागे फिरावी लागते. म्हणून गाडी चालती असताना चावीला हात लावायचा नाही.

दुसरी पायरी: चालती गाडी बंद पडली

सपाट रस्त्यावर, समजा पारोळा-एरंडोलच्या पट्ट्यात, ऐंशीच्या वेगात इंजिन गेलं. क्रम असा ठेवा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा. चारही इंडिकेटर लावा. क्लच दाबून गाडी न्यूट्रलला आणा, म्हणजे आहे त्या वेगावर ती कडेपर्यंत घरंगळेल. आरशात बघत डावीकडे सरका. पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे पोचलात की ब्रेक एकदाच, सलग आणि जोरात दाबा आणि गाडी थांबेपर्यंत सोडू नका. मग हँडब्रेक.

इंजिन बंद पडताना खालून मोठा खडखडाट झाला किंवा चाकं ओढल्यासारखी वाटली, तर इंजिन जाम होतंय असं समजा आणि सगळ्यात आधी क्लच दाबा. जाम इंजिन गिअरमध्ये राहिलं तर इंजिनला जोडलेली चाकंही धरली जातात आणि गाडीवरचा ताबा सुटतो.

घाटाच्या उतारावर मात्र क्रम बदलतो. नुसतं डिझेल-पेट्रोल येणं थांबलं असेल आणि खडखडाट नसेल, तर गिअर काढू नका. चाकं इंजिनला फिरवत राहतात, त्यामुळे गाडी आवरलेली राहते आणि ब्रेकला व्हॅक्यूमही मिळत राहतो. न्यूट्रल केलंत तर दोन्ही आधार एकदम जातील.

गाडी थांबली की माणसं डाव्या दारांनी उतरवा. लहान मुलं, म्हातारी माणसं, कोणालाच गाडीत किंवा गाडीच्या मागे ठेवायचं नाही. कठडा असेल तर त्याच्या पलीकडे उभं करा. रात्री हायवेवर केळीचे ट्रक, कंटेनर सलग चालू असतात आणि उभी गाडी त्यांना फार उशिरा दिसते. लाल त्रिकोण गाडीमागे किमान पन्नास मीटरवर ठेवा, वळण असेल तर वळणाच्याही मागे. त्रिकोण नसला की आपल्याकडे दगड आणि झाडाची फांदी टाकतात. नाइलाजाने टाकावी लागलीच तर निघताना ते दगड उचला. कोणीतरी रस्त्यात तसेच सोडलेले दगड रात्री मोटारसायकलवाल्यांचे जीव घेतात, आणि याचा मला फार संताप येतो.

राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. हे नंबर फोनमध्ये असू द्याच, शिवाय गाडीत कागदावर लिहूनही ठेवा.

तिसरी पायरी: दिव्यांचा रंग ओळखा

पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवा. लाल दिवा म्हणजे आत्ता थांबा. लाल दिव्यांत तेलाच्या किटलीचा दिवा सर्वांत वाईट. तो ऑइल कमी झाल्याचा नसतो, ऑइलचा दाब गेल्याचा असतो. दाब नसेल तर क्रँकच्या बेअरिंगांना तेलाचा थर मिळत नाही, धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत इंजिन सीझ होतं. सुरक्षित जागा मिळताच इंजिन बंद करा. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघा. ऑइलची पातळी बरोबर दिसली तरी पुन्हा चालू करू नका, पंप गेला असू शकतो. गाडी उचलून न्या.

पिवळ्या इंजिन दिव्याबरोबर गाडी एकदम मरगळली आणि कितीही ॲक्सिलरेटर दाबला तरी पळेना, तर गाडीच्या कॉम्प्युटरने तिला जपून चालण्याच्या मोडमध्ये टाकलंय. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत हे बऱ्याचदा दिसतं. अशा वेळी ओव्हरटेक अर्धवट सोडून मागे या. ताकद मिळेल या भरवशावर समोरच्या ट्रकच्या बाजूने पुढे जाऊ नका.

चौथी पायरी: गाडी गरम झाली

खान्देशातला हा सगळ्यात जास्त भेटणारा बिघाड, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लग्नसराई, दुपारचे दोन, गाडीत सात माणसं, टपावर बॅगा, एसी पूर्ण आणि समोर कन्नड घाट. चढावर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, वेग कमी, समोरून वारा नाही. रेडिएटरची सगळी भिस्त पंख्यावर. त्या पंख्याचा रिले किंवा फ्यूज गेलेला असला, तर सपाटीवर पत्ता लागत नाही. घाटात लागतो.

काटा अर्ध्याच्या वर सरकला की लगेच एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण वेगावर ठेवा. मे महिन्यात हीटर लावायचा म्हटल्यावर गाडीतले ओरडतील, ओरडू द्या. हीटरची जाळी म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची उष्णता ओढतो. खिडक्या उघडा आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबा. काटा लाल पट्टीत गेला किंवा वाफ दिसली, तर थांबल्याबरोबर इंजिन बंद.

एक गोष्ट लक्षात ठेवा. वर चढलेला काटा अचानक खाली पडला, तर गाडी थंड झाली असं समजू नका. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव, सगळं वाहून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगतो. "बघा, उतरला काटा" म्हणून पुढे निघालेल्या गाड्यांचं हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकतं, त्याखालचं गॅस्केट उडतं, आणि मग हेड प्लेन करण्याचा खर्च बसतो.

आता झाकणाविषयी. गरम इंजिनमध्ये कूलंट दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर, छातीवर येतं. ढाब्यावर मदतीला धावून येणारा माणूस पहिल्यांदा हेच करायला जातो, हातात फडकं घेऊन. त्याला हात जोडून थांबवा. बॉनेट उघडा, वाफ ओसरू द्या, उन्हाळ्यात पाऊण-एक तास थांबा. वरचा होज पाइप हाताला गार लागला आणि दाबल्यावर मऊ लागला, तरच झाकणावर जाड कापड टाकून आधी थोडंसं फिरवा, फुस्स आवाज संपू द्या आणि मग काढा. तोपर्यंत पंख्याच्या पात्यांपासून हात लांब ठेवा, इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होतो.

तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका, धातूला तडा जातो. इंजिन निवल्यावर हळूहळू भरा. पाणी भरलं की खाली वाका आणि बघा. धार लागली तर पुढे जाणं नाहीच.

प्रतिबंध अगदी साधा आहे. एरवी रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकू नका, त्यातल्या क्षारांनी नळ्या बुजतात. ठरलेलं कूलंटच वापरा. आणि कापसाच्या हंगामानंतर रेडिएटरची पुढची जाळी एकदा बघून घ्या. जिनिंगच्या आसपास, कापसाच्या ट्रॅक्टरमागे रोज गाडी चालत असेल तर तिथे कापसाचे तंतू, धूळ आणि किडे मिळून अक्षरशः गोधडी तयार होते. हलक्या धारेने धुऊन काढा. जोरदार प्रेशर मारलं तर बारीक पट्ट्या वाकतात.

पाचवी पायरी: घाट, क्लच आणि गिअर

उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायची सवय आपल्याकडे बापाकडून मुलाकडे येते. ती इथेच मोडा. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच करतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. म्हणजे वाचत काही नाही, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. ज्या गिअरने घाट चढला असता, त्याच गिअरने उतरा. बिजासन उतरून शिरपूर तालुक्यात आलं की पळासनेर लागतं. तिथे जुलै २०२३ मध्ये उतारावर ताबा सुटलेला कंटेनर रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि अनेकांचे जीव गेले. ब्रेक निकामी झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. कार हलकी असली तरी तो उतार तोच आहे.

क्लच जाण्याची खूण म्हणजे इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वाढत नाही, आणि जळक्या रबरासारखा उग्र वास येतो. तोरणमाळच्या सात पायरी घाटात, महाशिवरात्रीच्या यात्रेच्या गर्दीत गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवली की हेच होतं. चढावर थांबायचं तर हँडब्रेक. एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेल्या स्वस्तातल्या ऑटोमॅटिक गाडीत तर हे विसरूच नका. आत क्लच प्लेट तीच असते, फक्त ती मशीन दाबतं. ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की प्लेट जळते आणि गाडी मागे घसरते. ड्युअल क्लच गाड्यांमध्ये ‘ट्रान्समिशन गरम’ असा संदेश येतो. आला की कडेला थांबून पार्कला टाका आणि निवू द्या. पुढच्या गाडीला चिकटून इंच इंच सरकू नका. मधे अंतर पडू द्या आणि मगच एकदम पुढे जा.

ऑटोमॅटिक गाडी गिअर घ्यायला उशीर करू लागली, झटका देऊ लागली, किंवा डीला टाकूनही दोन क्षण जागची हलेना, तर त्याच आठवड्यात दाखवा. चालत्या गाडीत गिअर सुटला तर परत परत लिव्हर हलवू नका. न्यूट्रल, डावीकडे, ब्रेक.

टोचन करतानाही काळजी घ्या. दोरी लावून ट्रॅक्टरमागे ओढत नेणं मॅन्युअल गाडीला थोड्या अंतरासाठी चालतं, तेही चावी ‘ऑन’ ठेवून, कारण चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होतं. मागच्या गाडीचा ब्रेक कडक असतो, हे दोघांनीही आधी बोलून घ्या. ऑटोमॅटिक गाडीची पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सच्या पंपाला गती नसते आणि आतले भाग तेलाशिवाय घासतात. ती पूर्ण उचलून गाडीवर चढवूनच न्यायची.

सहावी पायरी: गाडी थांबेचना

ॲक्सिलरेटर अडकला तर गाडी न्यूट्रलला टाका. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. ब्रेक एकदाच जोरात दाबून कडेला थांबा, मग इंजिन बंद करा. बटण स्टार्टच्या गाडीत चालताना बंद करायचं तर बहुतेक वेळा बटण काही सेकंद दाबून ठेवावं लागतं. नेमकं किती, ते आपल्या गाडीच्या पुस्तकात आजच बघा.

२००९ मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्यांबाबत हेच मोठं प्रकरण झालं. पायाखालची मॅट सरकून पेडल अडकवत होती, आणि लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. आपण काय करतो? कंपनीच्या मॅटवर बाजारातली दुसरी मॅट टाकतो, तिच्यावर वर्तमानपत्र. ड्रायव्हरच्या पायाखाली एकच मॅट हवी, हुकात अडकवलेली. २०१४ चं जनरल मोटर्सचं प्रकरणही लक्षात ठेवण्यासारखं आहे. चावीचा स्विच ढिला असल्याने चालता चालता चावी आपोआप मागे फिरायची, इंजिन बंद व्हायचं आणि एअरबॅगही उघडत नसत. शंभराहून अधिक मृत्यू त्या दोषाशी जोडले गेले. तेव्हा घराची, दुकानाची, गोदामाची चावी आणि देवाचं लॉकेट असा सगळा जुडगा गाडीच्या चावीला लटकवू नका.

डिझेल गाडीत आणखी एक प्रकार असतो, दुर्मिळ पण भयंकर. टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचं, सील गेलं की इंजिनचं ऑइलच हवेच्या वाटेने आत जातं आणि इंजिन तेच इंधन म्हणून जाळतं. आवाज आपोआप चढत जातो, मागून पांढरा-निळा धूर उठतो आणि चावी बंद करूनही काही होत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, म्हणजे इंजिन कोंडून बंद पडतं. तेवढं जमलं नाही, किंवा गाडी ऑटोमॅटिक असेल, तर माणसं घेऊन लांब जा. बॉनेट उघडून वाकून बघू नका. असं इंजिन फुटलं तर तुकडे बाहेर येतात.

टर्बो जपायची सवय सोपी आहे. लांबून भरधाव आल्यावर इंजिन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट तसंच चालू राहू द्या.

पाणी साचलेला बोगदा

पावसाळ्यात रेल्वेखालच्या बोगद्यांत पाणी भरतं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, एकदाही नाही. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात असं नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड घ्यावी लागते. पॉलिसी भरताना ती मागून घ्या.

जुनी गाडी घेणार असाल तर

सकाळी लवकर, इंजिन पूर्ण गार असताना बघायला जा, आणि मालकाला आधीच चालू करून ठेवू नका म्हणून सांगा. ऑइल भरायचं झाकण उघडा. आत दुधाळ, लस्सीसारखा थर दिसला तर कूलंट आणि ऑइल एकत्र होत असण्याची शंका घ्या. टायमिंग बेल्ट असलेली गाडी असेल तर तो कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच जातं. ओळखीचा मेकॅनिक सोबत घ्या, त्याला स्कॅनर लावायला सांगा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या.

दोष कंपनीचाच असेल तर

काही बिघाड आपल्या चालवण्याने होत नाहीत. होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात नव्वद हजारांहून अधिक गाड्या फ्युएल पंपासाठी परत बोलावल्या, कारण त्या पंपामुळे इंजिन बंद पडू शकत होतं. अशा वेळी काम मोफत होतं, पण जुनी गाडी घेतलेल्या माणसापर्यंत कंपनीचा निरोप पोचतच नाही. म्हणून आपला चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर आणि एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांच्या दोषांबद्दल सरकारकडे तक्रार करता येते. एकाच मॉडेलच्या तक्रारी ठरावीक प्रमाणात आल्या की गाड्या परत बोलावण्याचा आदेश निघू शकतो. तुमची एक तक्रार त्या मोजणीत धरली जाते, म्हणून ती करा.

तक्रार टिकते ती कागदावर. गाडी चालता चालता बंद पडली असेल तर जॉब कार्डवर "जनरल चेकअप" लिहू देऊ नका. "ऐंशीच्या वेगात इंजिन बंद पडले, दिवा लागला नव्हता" असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या, तारीख आणि किलोमीटरसह, आणि प्रत घरी आणा. दिव्याचा फोटो आणि आवाजाचा व्हिडिओ ठेवा, पण तो शेजारच्याने काढायचा, चालवणाऱ्याने नाही. बदललेला भाग मागा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात वकिलाशिवायही दाद मागता येते. मुदत साधारण दोन वर्षांची असते, म्हणून पहिल्या जॉब कार्डापासूनच फाइल करा.